आजपण काशी

फातिमानगरला, सायकलच्या दुकानाला लागून
चार टेबलं आणि एक पिवळा दिवा.
मेनू मराठीत लिहून देण्याचं काम माझ्याकडे,
मजुरी: दर रविवारी एक वाडगा.
आरेपाखाली मी मक्याची भाकरी लिहिणार, तर
मार्लेनी म्हणाली, नको,
भाकरी लिहिलीस तर लोक पिठलं मागतील.

मागितलंच एकानं.
तिनं राजमा दिला, वर तळलेलं अंडं,
राजेळी केळ्याचे काप.
त्यानं ताट पुसून खाल्लं
आणि उठताना सांगितलं, पिठलं वेगळं असतं.

अहिआको मात्र अहिआकोच.
तिच्या बोगोताचं, ढगात बसून प्यायचं सूप.
त्याला तीन बटाटे लागतात:
एक विरघळणारा, एक टिकणारा,
आणि एक, ज्याचं शेवटपर्यंत ठरत नाही.
मार्केट यार्डातला गाळेवाला हसला,
बटाटा म्हणजे बटाटा, बाई.
मग स्वतःच म्हणाला, हा तळेगावचा, हा इंदूरचा,
आणि हा मागच्या पोत्यातला,
याचं काही सांगता येत नाही.
तिनं तिन्ही घेतले.

कोंबडी. आडवी तोडलेली कणसं. वरून साय,
आणि कुठल्याशा आंबट कळ्या मिळेनात म्हणून
मिठात मुरवलेली कच्ची करवंदं.
सूप दाट व्हायचं, पिवळं, घरचं वाटावं असं.
ती पळीतून थेंबभर तळहातावर घेऊन चाटायची
आणि म्हणायची: कासी.
म्हणजे जवळजवळ. म्हणजे थोडक्यात राहिलं.

हे मला माहीत. मोरीपाशी भांडी घासणाऱ्या वैजयंताला नाही.
तिचं पोळीभाजी केंद्र बंद पडल्यावर ती इथे आलेली.
तिला आधी वाटलं, बाईला यात्रेला जायचंय.
मग तिनं पातेल्यात पाहिलं, बाईच्या तोंडाकडे पाहिलं,
आणि अर्थ लावला:
काशी झाली म्हणतेय.
त्यानंतर दर रविवारी तीच विचारायची,
आजपण काशी?
सी, कासी.
मी दोघींच्या मधे बसून
कोणालाच दुरुस्त केलं नाही.

काय कमी, ते तिनं बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं:
दातेरी पान, बारीक देठ, इवलं फूल. ग्वास्कास.
बहिणीनं वाळवून पाठवलेल्या तीन पुड्या.
एक विमानतळावर अडली, एकीला बुरशी लागली,
तिसरी चमच्याचमच्यानं संपली.

डिसेंबरात, कालव्याकडेच्या नर्सरीत
ती कढीपत्त्याचं रोप घ्यायला गेली, मी पिशवी धरायला.
गुलाबाच्या कुंड्यांमधून गजराबाई
खुरप्यानं तण काढून मागे फेकत होती, न बघता.
एक जुडी मार्लेनीच्या चपलेवर पडली.
ती खाली बसली.
पाच पांढऱ्या पाकळ्या, दुधाच्या दातांएवढ्या.
पान चुरगाळलं, हुंगलं,
आणि गजराबाईला तिच्या भाषेत
काहीतरी लांबलचक सांगायला लागली.

न्या की, गजराबाई म्हणाली, सगळंच न्या.
दर हप्त्याला तेवढंच उगवतं मेलं.
याला नाव काय, मी विचारलं.
उपटायचंच तर नाव कशाला?

रविवार. पळी, तळहात.
वैजयंतानं नळ बंद केला.
आजपण?

मार्लेनी बराच वेळ काही बोलली नाही.
मग भिंतीपाशी गेली आणि
पंखा पाचावर नेला.
भर डिसेंबरात.
कोपऱ्यातल्या काकांनी मफलर शोधला,
मेनूची पानं उडाली.
थंडी कमी पडतेय, ती म्हणाली,
आणि पहिला वाडगा वैजयंताला दिला.

मी खडू घेऊन फळ्यापाशी:
बटाटे तीन, कोंबडी, कणीस, साय, करवंद,
आणि
इथे अडलो.
गजराबाईच्या शब्दाखेरीज शब्द नव्हता माझ्याकडे.
तोच लिहिला. तण.

दारातल्या दोन मुलींनी तो वाचला,
एकमेकींकडे बघितलं,
आणि आत येऊन पंख्याखालीच बसल्या.