नाव असेल तर पन्नास कमी

लष्करात, दौलतगंजात, घड्याळवाल्याच्या पाठीमागे,
जिन्याखालच्या तिरप्या खोलीत
छोटेलाल शिवहरे जुनी कॉमिक्स विकतात.
आत शिरताना वाकावंच लागतं.
त्यांना वाटतं, गिऱ्हाईक नमस्कार करतंय.

त्यांचा हिशेब सरळ होता.
कोपरा दुमडलेला, वीस कमी.
पिना गंजलेल्या, दहा.
कोड्यात पेन्सिल फिरवलेली, तीस.
आणि पहिल्या पानावर कुणा पोराचं नाव असेल
तर सीधे पचास कम, बहनजी,
माल जूठा हो गया.

मला उष्टंच हवं होतं.
कोरा अंक मला कुणी वाचलाय असं वाटतच नाही.
मला हवा असतो शरच्चंद्र टोणपे, सहावी क,
ज्यानं राक्षसाला चष्मा चढवला;
हव्या असतात सरोज आणि कमल दिघे,
एकाच अंकावर दोघींची नावं, मधे रेघ,
आणि रेघ सरकवल्याच्या खुणा;
हवा असतो तो बिननावाचा,
जो भुलभुलैयात वाट चुकला
आणि पेन्सिल इतकी दाबली
की ती मागच्या पानावरच्या घोडेस्वाराच्या छातीतून निघाली.
पानांत अडकलेला गजकाचा तीळ
मी तसाच राहू देते.

छपाई तरी कुठे जागेवर होती तेव्हा?
लाल रंग नेहमी रेषेबाहेर,
राजकन्येचे ओठ तिच्या गालावर,
तलवारीचं रक्त तलवारीशेजारी, हवेत.
आमच्याकडे अंक यायचा तो तासाभरासाठी, मागून आणलेला.
बाबा म्हणत, नाव घालू नकोस, परत द्यायचाय.
नाही घातलं.

एकदा चुकले.
नाव असलेल्या अंकाला न मागता पन्नास जास्त दिले.
छोटेलालांनी नोट उजेडाकडे धरली,
पण पाहिलं माझ्याकडेच.

पुढच्या महिन्यापासून नावं वाढली.
राकेश. दिनेश. मनीषा, कक्षा चार.
आणखी एक राकेश.
सगळ्यांच्या ‘श’ला तीच गाठ,
कागद पिवळा पडलेला आणि शाई कालची.
झाशी रोडवरच्या कचेरीत एकतीस वर्षं ऑडिट केलंय मी,
खोटी सही मला वासावरून कळते.
जूठा आणि झूठा. एका अक्षराचा तर फरक.

बोलले नाही. घेत गेले.
का, ते मलाही धड सांगता येणार नाही.
वेगळ्या फळीवर ठेवले, वर चिठ्ठी लावली:
‘आक्षेप प्रलंबित’.

मग मे महिन्यात,
लू अशी की बाजारात कुत्रंही नव्हतं,
मी गेले तेव्हा छोटेलाल गाढ झोपलेले
आणि जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीखाली
त्यांचा नातू पालथा पडून वाचत होता.
हातात पेन. बोटं निळी.
कामाला लावलेलं पोर काम विसरलं होतं.
राक्षस गुहेशी पोचला होता,
पोराचं तोंड उघडं,
पेनचं टोक पानावर टेकलेलं
आणि तिथे शाईचा ठिपका पसरत चाललेला,
बुरुजावरच्या खिडकीएवढा.

मला पाहून दचकला.
घाईघाईनं पहिलं पान उघडलं,
कुणाचं नाव घालायचं ते आठवेना,
आणि लिहून टाकलं:
अंशुल शिवहरे, कक्षा पाँच.
मग जीभ चावली. थुंकी लावून पुसायला गेला.

‘रहने दे,’ मी म्हटलं.

आजोबा जागे झाले. अंक उलटासुलटा केला,
ठिपका पाहिला, नाव वाचलं,
कपाळावर हात मारला.
‘ये तो सच में खराब हो गया, बहनजी.
पचास कम दे दो.’

मी पूर्ण पैसे मोजले, वर पन्नास.
अंक मात्र घेतला नाही.
गुहेत पुढे काय होतं ते त्याला अजून कळायचं होतं.
शनिवारी नेईन म्हटलं,
आणि वाकून बाहेर पडले.