कळ

सहासष्टाव्या वर्षी, दर गुरुवारी संध्याकाळी,
चर्चमागच्या हॉलमध्ये
मी आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसते.
खुर्ची त्यांच्या मापाची,
गुडघे हनुवटीला लागायचेच बाकी.
मांडीवर नणंदेची कॉन्सर्टिना:
सहा कोपरे, तीस कळा, मधे घड्याघड्यांचा भाता
आणि डाव्या पट्ट्यावर तिच्या हाताने पाडलेला काळा डाग.

फेब्रुवारीत वकिलाने ती टेबलावर ठेवली.
फिलोमिना हेहिर, मृत्युपत्र, कलम चार:
‘ही माझ्या वहिनीला, डिम्फ्नाला.’
पुढे काही नाही. का, ते नाही.
अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो,
एका फाटकावरून.
ते तिच्या बाजूला उघडावं की माझ्या, एवढंच.
माझा नवरा
दोघींच्या मधे उभा राहून राहून वारला.

मास्तर एकोणीस वर्षांचा. लॉर्कन.
ओठावर मिशीचा नुसता विचार.
म्हणतो, सोपं आहे, मिसेस हेहिर,
कळ तीच.
भाता मिटताना एक सूर, उघडताना दुसरा.

सोपं!
अडतीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीमागे काढली.
तिकीट म्हणजे तिकीट, शिक्का म्हणजे शिक्का,
एका प्रश्नाला एक उत्तर
आणि साडेपाचला खिडकी बंद.

कळ दाबते,
अंगठ्याच्या मुळातून कोपरापर्यंत कळ जाते,
आणि कळत काहीच नाही.
शेजारी टाईग, पुढचे दोन दात पडलेला,
खिडकीबाहेर बघत वाजवतो, जांभई देत.
मला कागदावर आकडे मांडून लागतात.
तो त्या कागदाकडे असा बघतो
जशी मी बघायचे
अर्धवट पत्त्याच्या पाकिटाकडे.

घरी रोज वीस मिनिटं. पडदे ओढून.
कुत्रा पहिल्या आठवड्यात बाहेर निघून जायचा,
आता नुसता दाराकडे तोंड करून बसतो.
याला मी प्रगती म्हणते.

पट्टे सैल होत होते मला.
तिचे हात मोठे, सकाळ-संध्याकाळ धारा काढलेले.
खिळा तापवून एक जादा भोक पाडलं
तिच्या शेवटच्या भोकाच्या आत.
एवढंच त्यात माझं.

तिसऱ्या महिन्यात लॉर्कनने दाखवली
उजव्या अंगठ्याखालची एकतिसावी कळ.
मी ती मोडकी समजत होते.
ती वाजत नाही. तिच्यातून फक्त हवा जाते.
भाता संपत आला आणि धून अजून शिल्लक असली
की ही दाबायची,
श्वास घ्यायचा आणि पुढे निघायचं.

घरी येऊन, अंगातला कोटही न काढता, मी ती दाबली
आणि फिलोमिनाने माझ्या मांडीवर सुस्कारा टाकला.
तोच. चढ चढून आल्यावरचा, दम्याचा,
चहा ओतण्याआधीचा,
माझं बोलणं खुळचट वाटलं
की नाकातून सोडायची तो.
मी म्हटलं, काय गं?
भाता सावकाश मिटला.

काल रात्री साडेनऊला अजून उजेड होता,
मेमध्ये इथे असतो तसा, मावळायचं विसरलेला.
खुर्ची अंगणात नेली.
पोल्काचा पहिला भाग.
पाचव्या ओळीशी अडले. परत. अडले. परत.
मग एकदा
अडले नाही.

मान वर केली तर तिच्या रानातल्या,
आता कुणा परक्याच्या, सात गाई
फाटकाला नाकं लावून उभ्या,
रवंथ थांबवून.
एकीने फाटकाला ढुशी दिली. ते हललं नाही.
तिकडून ओढावं लागतं ते.
माझ्या बाजूने नुसतं ढकललं असतं तरी चाललं असतं,
इतकी वर्षं.

दुसरा भाग मला अजून येत नाही.
पहिलाच परत धरला.