नवव्या चालीचं उत्तर

लिएपाया. साखर कारखान्याचा जुना क्लब,
पाचवी फेरी, टेबल अकरा.
मी पंच. बुटांचा आवाज न करता फिरणं
एवढंच माझं काम.

काळी मोहरी गुनवाल्दिस यांची,
बंदरातल्या क्रेनवर एकतीस वर्षं काढलेला माणूस.
समोर मादारा, वय अकरा,
पाय जमिनीला टेकत नाहीत.

दुसऱ्याच चालीत त्यांनी राजाच्या उंटापुढचं प्यादं
दोन घरं पुढे ढकललं.
लाटवियन गँबिट.
हात दाखवून अवलक्षण, असं
आमचा प्रशिक्षक म्हणायचा, आणि नंतर हळूच:
पण आपलं आहे.

तिसऱ्या चालीला वजीर बाहेर.
मुलीने भुवईसुद्धा हलवली नाही.

नववी चाल. वजीर जी-चार.
ही चाल त्यांनी अर्खांगेल्स्कच्या येफीमला
पोस्टकार्डावर लिहून पाठवली होती,
ज्या वर्षी सीमा बदलल्या, तिकिटं बदलली.
उत्तर आलं नाही.
पुस्तकांत होतं म्हणे. ते पान
त्यांनी कधी उघडलं नाही.
दुसऱ्याचं पत्र कोण फोडतं?

मादाराने चार मिनिटं घेतली,
दातांनी वेणीचं टोक चावत.
वजीर ई-तीन. शह.

मग सगळं उताराला लागलं.
तिचा हत्ती एफ-चारवर आला
आणि त्यांचा वजीर हाकलला गेला डी-सातवर,
स्वतःच्याच उंटाची वाट अडवून
दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.
खिडकीच्या फटीतून समुद्राचा वारा.
कुणीतरी जिऱ्याचं चीज सोडलं, वास पसरला.
त्यांनी राजा आडवा केला नाही,
हात पुढे केला.

"असं होतं तर," ते म्हणाले,
तिला नव्हे, मलाही नव्हे.

मुलीला वाटलं ते रागावलेत.
तिने मोहरी पुन्हा मांडली, नवव्या चालीपर्यंत,
आणि विचारलं, इथे दुसरं काही होतं का?
दोघं वाकले. मी पुढच्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळी नोंदीचे कागद गोळा करताना
त्यांच्या कागदावर, दहाव्या ओळीत,
पांढऱ्याच्या चालीपुढे उद्गारचिन्ह दिसलं.
शाई जुनी, पेन दाबून काढलेलं,
डाव चालू असतानाचं.

नियमाप्रमाणे टिपण करायला मनाई आहे.
मी निकाल तपासला, एक-शून्य,
आणि सही केली.