सात कडी, एक दार

जिन्याच्या वरच्या पायरीवर आयडेला,
गुडघ्यावर बर्फाची पिशवी.
खाली तळघरात मी, हातात बॅटरी,
मधे चौदा पायऱ्यांएवढा संसार.

"डावीकडे बघ. डावीकडे रे. बॉयलरपासून लांब."

बॉयलरपासून लांब म्हणजे नेमकं कुठं
हे बेचाळीस वर्षांत मला उमगलेलं नाही.
ऊब लागली की मेणाची फळं पाझरतात,
ओल लागली की रिबिनीवर काळे ठिपके धरतात,
एवढं मात्र पाठ आहे.

तुळईला खिळे, खिळ्यांवर उशांचे जुने अभ्रे,
आणि प्रत्येक अभ्र्यात गोल काहीतरी
वटवाघळासारखं लटकलेलं,
आपला महिना येईतो गप्प.
मक्याच्या सालींचं ऑक्टोबरचं कडं, अजून खसखसतं.
चार जुलैचं लाल-निळं. त्यातला एक तारा
कुत्र्यानं गिळला होता, दोन दिवसांनी परत केला,
तिनं तो धुऊन पुन्हा चिकटवला.
आणखी तीन आहेत, त्यांचं निमित्त मला आठवत नाही.
डिसेंबरचं, पाइनच्या बोंडांचं,
ते दारावरच आहे, मार्च निम्मा सरला तरी.
नदीवरून वारा आला की दारावर डोकं आपटत राहतं
घर चुकलेल्या पाहुण्यासारखं.

"व्रोबेलबाई काय म्हणतील!"
व्रोबेलबाई काही म्हणत नाहीत.
नवरा गेल्यापासून त्यांच्या दारावर
नुसता खिळा आहे.

"सापडलं का?"

सापडलं. टोपीचा गोल डबा, झाकणावर तिचं अक्षर,
फळ्यावर गणित लिहावं तसं ठाशीव:
तिरपं करू नये.

सहा वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये
या कड्यातल्या खोट्या लायलॅकच्या फुलांत
एका फिंचच्या मादीनं खरं घर बांधलं.
काड्या, कुत्र्याचे केस, आयडेलाच्या स्वेटरचा
एक हिरवा धागा, जो ती अजून शोधत होती.
पाच अंडी, फिकट निळी,
शाई झटकल्यासारखे ठिपके.
मग आमचं पुढचं दार महिनाभर बंद.
गॅरेजमधून ये-जा, गवत कापायच्या यंत्राला वळसा घालून.
पोस्टमन, पिझ्झावाला पोरगा, माझा सख्खा भाऊ,
सगळ्यांसाठी दारावर एकच कागद:
इकडून नको. आत बाळंतीण आहे.

चार उडाली. एक नाही उडालं.
त्याचं तिनं काय केलं, मी विचारलं नाही.

जूनमध्ये कडं उतरवलं ते घरट्यासकट.
उन्हात वाळवलं, पातळ कागदात गुंडाळलं,
आणि तेव्हापासून दर मार्चला
ते तसंच दारावर चढतं,
आणि आम्ही गॅरेजमधून जातो, येतो.
कोणी येत नाही.

फिंच जुन्या घरट्याकडे सहसा फिरकत नाहीत,
लायब्ररीत वाचलंय मी.
पुस्तक परत करून टाकलं,
घरी आणलं नाही.

डबा पोटाशी धरून चढतो,
काठोकाठ भरलेली सूपची थाळी नेतात तसा,
प्रत्येक पायरीला आधी उजवा पाय.
वर पोचतो तर तिनं
आतून कडी घातलेली आहे.
अजून कडं लावलंसुद्धा नाही!
"सवय झाली," म्हणते, "नाहीतर तू विसरशील."
मग कडी काढते, मी डिसेंबर उतरवतो,
लायलॅक टांगतो, ती दोन पावलं मागं सरून बघते.
"थोडं उजवीकडे. फार झालं. हां."
पुन्हा कडी.

माझ्या हातात डिसेंबर, बोंडं गळताहेत चपलांवर.
खाली एक खिळा रिकामा आहे.

"बॉयलरपासून लांब," ती म्हणते.
"आणि तो कागद कुठं ठेवलास?"