चार बोटं कमी

क्लॉथ मार्केटात एकवीस वर्षं मी कापड मोजलं.
लोखंडी गजाची दोन्ही टोकं तळहातांना पाठ.
थान असं उलगडायचं
की गिऱ्हाईक रंग बघत राहील, गाठ बघणार नाही.
हेही कामच होतं, आणि मी त्यात तरबेज.
मग शेठनं दुकान मोबाइलवाल्याला दिलं,
मला दोन पगार आणि एक शर्टपीस.

सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्या बाकावर बसलो.
आजूबाजूला एकोणीस-विशीच्या पोरी, खरगोनच्या, धारच्या.
शिकवायला सिस्टर ॲन्सी, तिची हिंदी
केरळातून निघालेली, इंदूरला अजून पोचायची होती.
समोर रबरी बाहुला. त्याची कूस बदलायची.
"अंकल, पहले बताओ उसको. फिर हाथ लगाओ."
बाहुल्याला काय सांगणार?
म्हटलं, "दादा, डावीकडे वळवतो हां."
पोरी हसल्या.
बाहुला आढेवेढे न घेता वळला.

चादरीच्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही.
माणूस पलंगावरच, आणि खालची चादर बदलायची:
जुनी पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची,
नवी तिला खेटून अर्धी अंथरायची,
मग त्याला तो उंचवटा ओलांडून इकडे,
आणि पलीकडून ओढून ताणायची.
सुरकुती राहिली की कातडी सोलते.
माझ्या हातांनी ते मला न विचारताच केलं.
सिस्टरनं चादरीवरून पालथा हात फिरवला,
काही बोलली नाही,
पुढच्या मुलीकडे गेली.

घरी बोलले.
मेहुणा म्हणाला, "म्हणजे आता तुम्ही लोकांची…"
आणि ताटाकडे बघून थांबला.
रेवती शेजारणीला सांगते, "हॉस्पिटल लाइनला आहेत."
खोटं नाही. लाइन आहेच.
पहिले दोन महिने जेवणाआधी मी दोनदा हात धुवायचो,
ती बघत असली तर तिसऱ्यांदा.

आता रात्रपाळी. मल्हारगंज, दुसरा मजला,
बाबूलालजी नीमा.
उजवं अंग गेलेलं, बोलणंही त्याच बाजूला होतं.
नाव ऐकलं तेव्हाच आठवलं:
ऐन दिवाळीत, भरल्या दुकानात
पॉपलिनचं थान यांनी माझ्या अंगावर टाकलं होतं.
"चार उंगल कम है भिया. नीयत भी."
मी गजाची शपथ घेतली. शेठनं चहा मागवला.
चार बोटं कमी होतीच.
शेठनं सांगितलेली, मी मोजलेली.

त्यांनी ओळखलं की नाही, कळायला मार्ग नाही.
डोळे माझ्यावर असतात, पण ते पंख्यावरही असतात.
रात्री दोनला कूस, चारला कूस.
कमरेवरची जखम कागदी पट्टीनं मोजतो,
चार सेंटिमीटर होती, आता सव्वातीन.
पिशवीतली लघवी साडेचारशे.
वहीत लिहितो. जेवढी आहे तेवढीच लिहितो.
मुलगा सकाळी वही न बघताच सही करतो.

परवा सुनेनं नवी चादर काढून ठेवली होती, निळी फुलं.
अंथरून झाली, कोपरे दाबले,
तर यांचा डावा हात हळूहळू कडेला आला.
अंगठा आणि पहिलं बोट
काठ चिमटीत धरून चोळू लागले,
दुकानाच्या गादीवर बसून चोळतात तसे,
आणि अर्ध्या तोंडानं यांनी नापसंती दाखवली.
मी वाकून कानाशी म्हटलं,
"मिक्स है सेठ. साठ-चालीस."
घशातून काहीतरी आलं.
हसू असेल, कफ असेल.
मी पलंगाची उशाकडची बाजू उंच केली
आणि वाट बघत उभा राहिलो.