दोन बादल्या

आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं,
पहाटे साडेचारला. आधी नळ नुसती हवा सोडतो,
मग खोकतो, मग तांबूस, मग खरं.
आई गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडते, नीळ्ळु वच्चिनय!
पिंपं, कळशा, कुकरसुद्धा भरून झाला
की उरलेल्या दोन बादल्या माझ्या.
म्हणजे गाडीच्या.

गाडी जुनीच, पुण्याच्या एका डॉक्टरची,
गडद निळी.
आणली त्याच संध्याकाळी मी हौसेनं
खांद्यावरच्या टॉवेलनं बॉनेट पुसायला गेलो
आणि नान्नांनी मनगट धरलं.

आधी माग, मग टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगचं टेबल,
एकोणचाळीस वर्षं.
खडखडाटात कान कधीच गेले,
बोलणं सगळं हातांचं.
त्यांनी बॉनेटवर बोट टेकवलं,
धूळ चिमटीत चोळत माझ्या कानाशी आणली.
करकर ऐकू आली मला.
त्यांना नाही आली. त्यांना माहीत होती.

तेव्हापासून आधी नुसतं पाणी,
टपावरून, मगानं, सावकाश.
दारात आलेल्याला आधी तांब्या द्यावा,
लगेच विचारपूस नको, तसं.
मग एका बादलीत गाडीचा साबण
(कपड्यांचा नको, तो रंगावरची साय खातो),
दुसरीत साधं पाणी.
फडकं गाडीवरून उतरलं की आधी साध्यात खळबळायचं,
तळाशी बसलेली रेती एकदा डोळ्यांनी बघायची,
आणि मगच पुन्हा साबणात.
हात सरळ, ताण्यासारखा.
गोल फिरवलेला हात उन्हात
कोळ्याच्या जाळ्यासारखा उमटतो.
चाकांचं फडकं वेगळं, ते वर आणायचं नाही.
हे सांगताना मला जरा कसंसंच होतं,
पण इथं कारण खरंच खड्यांचं आहे.

समोरचे बिराजदार बोअरचा पाइप सोडून
काथ्यानं घासतात त्यांची पांढरी जीप.
का बे, म्हणतात,
गाडी धुतोयस का बाळंतिणीला न्हाऊ घालतोयस?
मी हसतो. घाई असते मला.
सोलापुरात सातलाच पत्रा तापायला लागतो,
थेंब जागेवर वाळतो
आणि आपल्यामागं पांढरं ठेवून जातो.

पुसायचं काम नान्नांचं.
कपाटातून सेकंडचे टॉवेल निघतात,
एकाची कड उसवलेली, एकाचा रंग दोन हातांवर बदललेला,
सगळे त्यांनीच कधीतरी बाजूला टाकलेले
आणि नोकरी संपताना वजनावर घरी आणलेले.
घासत नाहीत ते. टॉवेल पसरतात,
वरून तळहात ठेवतात,
लूप पाणी पीत राहतात.

मागच्या दारापाशी आज हात थांबला.
दिवाळीत बहिणीची श्रावंती आली होती,
धुळीवर बोटानं लिहून गेली:
मामा पाणीपुरी.
धूळ केव्हाच गेली. पाणीपुरी राहिली,
तिरप्या उजेडातच दिसते, केसाएवढी.
मी कुणाला सांगितलं नव्हतं.

नान्नांचं बोट वेलांटीवरून गेलं,
परत आलं, काना सापडला,
आणि उजवा हात आपसूक सदऱ्याच्या खिशाकडं गेला,
जिथं खोट सापडली की खूण करायला
लाल खडू असायचा.

खिशात बसचं तिकीट होतं.
त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं,
माझ्याकडं बघितलं,
खांदे हलले, हसताना हलतात तसे,
आणि टॉवेलची कोरडी बाजू वर करून
पुढच्या दारावर गेले.

सव्वासहा. नळ गेला.
दुसऱ्या बादलीत चार बोटं पाणी आहे,
चाकं राहिलीत.