लेव्हलची नळी

कानामागचा गुलाल तीन आंघोळींत गेला नाही.
त्रेचाळीस मतांनी आले मी.
चिन्ह कपबशी, म्हणून जाईल तिथे चहा.
नको म्हटलं की, "आता काय बाई, मोठ्या झालात."
सकाळपासून अकरा कप.

रात्री उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर
यादी करायला बसले.
नवरा म्हणाला, पहिलं आपल्या गल्लीचं काँक्रीट लिही,
पोरांनी रात्री जागवल्यात आपल्यापायी.
दीर म्हणाला, कमान.
गटार जमिनीत जातं,
कमानीवर नाव घालता येतं.

मी दोन्ही लिहिलं नाही.
लिहिलं ते असं, सुचेल तसं:
अंगणवाडीच्या नळाला चावी (जैबुन मावशी तीनदा बोलली).
कुत्री. आंबी मास्तरांची पोटरी.
वखारीतनं हळद निवडून येणाऱ्या बायकांना
शेवटच्या वळणावर दिवा.
त्यातली एक म्हणाली,
अंधारात आमचं पिवळं हातच तेवढं दिसत्यात,
त्यावरनं ओळखतो एकमेकींना.
ती हसली.
मला हसता आलं नाही.
पिठाच्या गिरणीपुढच्या चेंबरला झाकण.
सध्या आत बाभळीची फांदी उभी आहे,
फांदीला लाल चिंधी,
चिंधी माझ्याच प्रचाराच्या उपरण्याची.

मग वर, पहिल्या ओळीला, जागा कोरीच राहिली.

बाप माझा गवंडी.
शाळा त्याची नाही झाली, पण एक शास्त्र त्यानं दिलं:
चाळीस फूट पारदर्शक नळी, तिच्यात पाणी,
दोन टोकांना दोन माणसं.
आत बुडबुडा राहिला तर घर खोटं बोलतं, म्हणायचा.
गेला त्या वर्षी नळी मी मागून घेतली.
भावांनी मोटरसायकल घेतली.

उजाडायच्या आत निघाले.
आमची गल्ली, मग मारुतीचा पार, मग उतार,
आणि उताराच्या तळाला कासार बोळ.
बोळातनं मला मतं मिळाली अकरा.
पडलेला उमेदवार तिथलाच, सुकुमार उपाध्ये,
दारात दात घासत उभा.
"काय वो नगरसेविका, वाट चुकला?"
म्हटलं, हे टोक धरा.

धरलं.
ब्रश तोंडात, टोक भिंतीला,
भिंतीवर महापुराची तपकिरी रेघ.
आयर्विन पुलावर पाणी फुटांत मोजतात,
या बोळात माणसांवर:
घोटा, गुडघा, थोरल्याची छाती.
रेघेखाली कुणीतरी खडूनं
एका पोराची उंची लिहिली आहे.
रेघेला अजून दोन वर्षं कमी.

बुडबुडा त्याच्याच टोकाला अडकला होता.
टिचकी मारा, म्हटलं.
मारली. पाणी हललं, डुललं, थांबलं.
त्यानं बोट लावून वाचलं:
"आमी वीतभर खाली."
मग चूळ भरली, थुंकली,
थुंकी कुठं वाहत जाते ते दोघांनीही पाहिलं.
दारातच थांबली.

आमची गल्ली आधी केली
तर आमचा सगळा पाऊस याच्या चुलीत.
गटार तळापासनं वर खणत यावं लागतं,
हे बापाला माहीत होतं,
मला माहीत होतं,
उपाध्येला आता माहीत झालं.
मतपेटीला उतार नसतो. जमिनीला असतो.

तो म्हणाला, आत या की.
बायकोनं चहा टाकला.
बारावा.
साखर जास्त होती, प्याले.

रात्री पहिल्या ओळीवर लिहिलं: कासार बोळ.
नवऱ्यानं वाचलं, चष्मा काढला,
अंथरूण त्यानंच घातलं, बोलला मात्र नाही.
पेन जरा जोरात चाललं होतं बहुतेक.
पत्रक उलटलं तर शाई पलीकडे उतरलेली,
फोटोतल्या माझ्या दातांवर.